टाकी भरली, पंप बंद करा!

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

आदरणीय अध्यक्ष, कमिटी मेंबर, सर्व काका-काकू आणि याच पार्किंगमध्ये माझ्याबरोबर क्रिकेट खेळलेल्या मित्रमैत्रिणींनो,

"अगं, तुझी पीएच.डी. नेमकी कशात?" हा प्रश्न लिफ्टमध्ये मला सहा वर्षं विचारला गेला. 'ऑटोमॅटिक कंट्रोल आणि रोबोटिक्स' म्हणेपर्यंत तिसरा मजला यायचा! आज माईक हातात आहे, तेव्हा सांगूनच टाकते.

गच्चीवरची टाकी आठवा. पूर्वी ती वाहायला लागली की कुणीतरी ओरडायचं, "पंप बंद करा!" वॉचमनकाका धावत जाईपर्यंत निम्मं पाणी गटारात. मग फ्लोट स्विच बसला. किती हवं, किती आहे, फरक किती, हे पाहून आपोआप दुरुस्ती करायची, यालाच फीडबॅक म्हणतात. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाचा वेग याच तत्त्वावर आवरला; मॅक्सवेलने १८६८ मध्ये अशा यंत्रणांचं गणित मांडलं. लिफ्ट मजल्याशी बरोबर थांबते, रोबोटचा हात काचेची बाटली न फोडता उचलतो, तेही यामुळेच.

माझा विषय होता 'उशीर'. रोबोटची खबर कॉम्प्युटरकडे उशिरा पोचली, तर दुरुस्तीच घात करते. गिझरचं पाणी गरम येईना म्हणून आपण नळ फिरवत राहतो आणि मग एकदम चटका बसतो, तसंच. तिसऱ्या वर्षी माझा रोबोटचा हात सारखा थरथरायचा. मी दुरुस्तीचा जोर वाढवत गेले, तो आणखी थरथरला. आठ महिने गेले. त्यात बाबा रिटायर झाले. एका रात्री म्हटलं, "सोडते, नोकरी बघते." बाबा म्हणाले, "सोड हवं तर. पण चूक कुठे आहे ते कळल्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी जोर कमी केला आणि आधी उशीर मोजायला बसले. चूक सापडली, सोडायचं राहून गेलं.

मुलांनो, या वाटेला यायचं तर इंजिनीअरिंगनंतर 'गेट' द्या. मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की करा. विषयाइतकाच गाईडही पारखून घ्या. केंद्र सरकारच्या २०२३ च्या दरांप्रमाणे फेलोशिप पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. घरच्यांवर भार पडत नाही, फक्त कंपनीतल्या मित्राच्या पगाराकडे बघायचं नाही!

आणि पालकांनो, "कधी संपणार?" असं दर आठवड्याला विचारू नका. जिथे उत्तर उशिरा येतं, तिथे जोर वाढवला की थरथर वाढते. हे माझ्या प्रबंधातही आहे आणि आमच्या घरातही खरं ठरलंय.

सेक्रेटरीकाका घड्याळ दाखवताहेत. तोही फीडबॅकच, वेळेत ऐकते आणि थांबते.