सुरतेचे सिद्दी : सनद आणि मुगरमान



सिद्दी म्हटले की आपणा मराठी माणसांस जंजिरा आठवतो, आणि शिवछत्रपतींशी झुंजलेला दर्यावर्दी शत्रू. शाळेतला इतिहास बहुधा तेथेच थांबतो. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून बहुतांशी गुलाम म्हणून आणले गेले, त्या समाजाची ही ओळख फारच अपुरी होय.

जंजिऱ्याचे सिद्दी मोगल आरमाराचे अधिपती झाले व आरमाराच्या खर्चासाठी त्यांना सुरतेच्या उत्पन्नातून तनखा मिळू लागला. पुढे सुरतेचा किल्लाही त्यांच्या हाती आला. तो इंग्रजांनी १७५९ साली घेतला. सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या सचिन संस्थानाचा जन्म तर पुण्याच्या दरबारात झाला. जंजिऱ्याच्या गादीचे वारस बाळूमियाँ पेशव्यांच्या आश्रयास आले, तेव्हा १७९१ च्या करारान्वये त्यांनी जंजिऱ्यावरील हक्क सोडला आणि त्यांना हा मुलूख मिळाला. जंजिरा मात्र पेशव्यांना कधीच लाभला नाही! सचिन संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले.

नवाबांचा वारसा सनदांत व दप्तरांत सुरक्षित आहे. सामान्य सिद्दींचे तसे नाही. त्यांचे दप्तर म्हणजे त्यांचा ढोल. भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. परंपरा त्यांना अकीक दगडाच्या व्यवसायाचे आद्य पुरुष मानते. त्यांची बहीण माई मिसरा हिचीही तेथे भक्ती होते. तेथील धमाल, म्हणजेच गोमा, ही मुळात उपासना आहे. ‘गोमा’ हा शब्द स्वाहिलीतील ‘न्गोमा’, म्हणजे ढोल किंवा नृत्य, यावरून आला. बोली गुजराती झाली, तरी पदांतून असे आफ्रिकी शब्द टिकले आहेत. उभा मुगरमान ढोल आणि भोपळा बांधलेले एकतारी धनुष्य, मलुंगा, ही वाद्ये त्याच मातृभूमीची खूण होत.

आज धमाल महोत्सवांतून व परदेशांतही सादर होते. त्यातून कलावंतांना मिळकत होते, हे चांगलेच. परंतु रंगमंचावर दहा मिनिटांत उरकलेली धमाल आणि रात्रभर चालणारी धमाल एक नव्हे. शासकीय नोंदीतही विसंगती आहे. सौराष्ट्रातील काही जिल्ह्यांत सिद्दी अनुसूचित जमातीत गणले जातात, सुरत-भरूचकडील सिद्दींना तो दर्जा नाही.

या भागातील शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात सिद्दी मुले असतील तर त्यांच्या आजी-आजोबांना शाळेत बोलवावे, पदे जशी म्हटली जातात तशीच उतरून घ्यावीत आणि अर्थ न लागणारा शब्द गाळू नये. बहुधा तोच सर्वांत जुना असेल.