उंबरठ्यापलीकडचं मैदान

झाडावरून वा विहिरीत पडून मज्जारज्जूला इजा झाली, की माणूस खाटेला खिळतो. "आता याला कसला व्यायाम?" असं घरचे म्हणतात. पण सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यात रुतली. तरी १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक पटकावलं.

हात शाबूत आहेत ना? मग डॉक्टरांना विचारून व्यायाम हातांचा करावा. बसल्या जागी मधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलावं. नाहीतर बधिर कातडीला जखमा होतात.

खरी आडकाठी वेगळीच आहे : उंबरठा, पायऱ्या अन् आपली कीव. गुरुजी, शाळेच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधून घ्या. चाकांची खुर्ची मैदानापर्यंत पोचू द्या.