गाडी कुणाच्या मापाची?

आज घरच्या गाडीविषयी बोलू. गाडी बघायला घरातले पुरुष जातात आणि आपल्या वाट्याला पेढे वाटणं येतं. पण हप्त्यात आपलाही पैसा असतो. सासूबाईंना दवाखान्यात आपणच नेतो आणि पापडाची पोतीही आपलीच असतात.

आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाकडून कर्ज काढलं. सात सीटची म्हणून गाडी घेतली. पहिल्याच प्रदर्शनाला निघालो, तर सात जणी बसल्यावर मागे मालाला जागाच नाही! शेवटी दोघींना एसटीनं पाठवलं, मागची सीट पाडली आणि पोती भरली.

डिकीचं माप लिटरमध्ये सांगतात. ट्रायबर गाडीत सातही सीट लावल्या तर 84 लिटर जागा उरते, म्हणजे पाण्याचे 20 लिटरचे चार जार. मागची सीट काढली की तीच जागा 625 लिटर होते. अर्टिगात मागची रांग उभी असताना 209 लिटर, पाडल्यावर 550. म्हणजे सात माणसंही बसतात आणि भरपूर मालही मावतो, पण दोन्ही एकाच वेळी नाही. सीएनजीची गाडी असेल तर डिकी उघडून टाकी बघा. बऱ्याच गाड्यांत ती मालाचीच जागा खाते.

म्हणून आधी घरी कागदावर लिहा: एका वेळी माणसं किती, माल किती. गाडी बघायला जाताना सासूबाईंना सोबत न्या. पायरी उंच आहे का, गुडघा वळतो का, त्या बसल्या की कळेल. एक भरलेलं पोतंही न्या. लाजायचं कशाला? पैसे आपण मोजतोय.

जुनी गाडी असेल तर आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. विमाही नावावर करून घ्या. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यातली किती उरली ते मोजा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारू नका. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

आता शेवटचं. त्या ताईंचं कर्ज त्यांच्या नावावर होतं, पण आरसी दिरांच्या नावावर. पुढे दीर वेगळे राहिले, गाडीही घेऊन गेले. हप्ते मात्र ताई अजून भरतायत. चूक आमचीही झाली. कर्ज देताना आम्ही कुणी विचारलंच नाही.

आता गाडीच्या कर्जाचा अर्ज आला की आम्ही बैठकीत पहिल्यांदा विचारतो, “ताई, आरसीवर नाव कुणाचं?” तुमच्या गटातही विचारा.