सन्मान कोणाचा करावा?
(भिंगार येथे उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या वस्त्यांतून सत्कारसमारंभ आता पुष्कळ होऊ लागले आहेत. निवडणुकीत निवडून आलेल्याचा सत्कार होतो, नोकरीत बढती मिळालेल्याचा होतो, पाहुणा म्हणून आलेल्या पुढाऱ्याचा तर होतोच होतो. हार, शाल, छायाचित्र असा सारा थाट असतो. (नारळही असतो. धम्मदीक्षा घेतल्यावरही तो नारळ हातातून का सुटत नाही, याविषयी पुन्हा केव्हातरी बोलू.) परंतु जो प्राध्यापक आपल्या मुलाला वर्गात बरोबरीने वागवतो, जी वसतिगृहाची अधीक्षिका आपल्या मुलीला शिक्षण अर्धवट टाकून घरी जाऊ देत नाही, जो कारकून शिष्यवृत्तीचा अर्ज परत न फेकता त्यातील उणीव दाखवून तो पुरा करून घेतो, अशा माणसाला कोणी सभेत बोलावून मान दिल्याचे माझ्या ऐकिवात फारसे नाही. म्हणून महाविद्यालयात समतेचे काम करणारी माणसे ओळखावी कशी आणि त्यांचा मान राखावा कसा, हा विषय मी आज मुद्दाम घेतला आहे.

तुमच्यापैकी ज्या कुटुंबांनी अलीकडेच धम्माचा स्वीकार केला, त्यांच्या मनात येथे एक शंका उभी राहील. पूर्वीच्या धर्माने आपल्याला पाया पडण्याखेरीज दुसरे काही शिकवले नाही. ते सोडून आलो, आणि आता पुन्हा कोणाला मोठे म्हणावयाचे काय? शंका रास्त आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत परमपूज्य बाबासाहेबांनी हीच धोक्याची सूचना दिली होती. राजकारणातील भक्ती ही अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग होय, असे त्यांनी बजावले. थोर पुरुषांविषयी कृतज्ञ राहण्यात त्यांना वावगे वाटत नव्हते. मात्र कृतज्ञतेलाही मर्यादा आहे, स्वाभिमान विकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, अशा अर्थाचे डॅनियल ओ'कॉनेल या आयरिश देशभक्ताचे वचन त्यांनी त्या सभेपुढे ठेवले. दुसरीकडे, जे मंगलसुत्त आपण विहारात म्हणतो, त्यात पूजनीयांचा आदर आणि कृतज्ञता या दोहोंची गणना मंगलातच केली आहे. तेव्हा भक्ती सोडावी आणि कृतज्ञता धरावी. बोलावयास हे सोपे आहे, आचरणात आणणे फार कठीण.

खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यातील पहिला सत्कार पाहा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो प्रसंग त्यांनीच नोंदवला आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा समाजातील लोकांना जाहीर सभा भरवावीशी वाटली. वडील रामजी सुभेदार राजी होईनात. सत्काराने पोराचे डोके फिरेल, अशी त्यांना भीती. लोक दादा केळुसकरांकडे गेले. त्यांनी रामजींची समजूत घातली, सभा झाली, आणि अध्यक्षस्थानावरून भाषण संपवताना केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. रामजींची भीती खोटी नव्हती. परंतु त्या सभेतून मुलाला वाचावयाचे एक पुस्तक मिळाले, आणि ते वाचून आपण भारावून गेलो असे त्यानेच पुढे लिहिले. १९५६ साली नागपुरास लक्षावधी लोकांनी जी दीक्षा घेतली, तिची एक मुळी त्या पुस्तकापर्यंत जाते. केळुसकर अस्पृश्य समाजात जन्मले नव्हते. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे भीमरावांची शिफारस करून त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाला मासिक २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यात त्यांचाच हात होता. आपल्यापैकी किती घरांत केळुसकरांचे नाव मुलांना ठाऊक आहे?

आता भिंगारच्या उंबऱ्याशीच असलेली गोष्ट सांगतो. येथून नगर शहर हाकेच्या अंतरावर. त्या नगरात १८३९ सालापासून मिस सिंथिया फॅरार नावाच्या अमेरिकन मिशनच्या बाई मुलींच्या शाळा चालवीत होत्या. जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह नगरास आले आणि त्या शाळा पाहून गेले. त्यानंतर १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यातील मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे याच फॅरारबाईंच्या शाळेत घेतले. बाई १८६२ साली नगरातच वारल्या. त्या ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी आल्या होत्या, यात लपवण्यासारखे काही नाही. त्यांचा धर्म आपण घेतला नाही, जोतीरावांनीही घेतला नाही. तरीही त्यांनी उघडलेल्या दारातून सावित्रीबाई आत गेल्या, एवढ्यासाठी त्यांचे नाव आपण आदराने घ्यावे. ओ'कॉनेलच्या वचनाचा अर्थ मी असा लावतो: उपकार मानावा, पण त्या मोबदल्यात आपली मान वाकवू नये.

नगरचाच आणखी एक धागा आहे. 'ज्ञानोदय' हे मिशनचे पत्र १८४२ साली नगरातच सुरू झाले. त्याच पत्रात १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. शाळकरी मुलगी समाजाला प्रश्न विचारते आणि ते प्रश्न छापून येतात, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्या शाळांचे श्रेय आपण जोतीराव आणि सावित्रीबाईंना देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु १८५६ साली माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई फातिमा यांची आठवण काढतात, आपल्या गैरहजेरीत त्यांना त्रास पडत असेल म्हणून हळहळतात. फातिमा शेख यांचे नाव टिकून राहिले त्यात सहकारिणीने केलेल्या या उल्लेखाचा वाटा मोठा आहे. नाव कोणी लिहून ठेवले तर टिकते.

महाविद्यालयांकडे वळतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय निघाले आणि त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक राजा. नागसेनाशी वादात तो हरला आणि हरलो हे त्याने प्रामाणिकपणे मान्य केले. विद्येच्या घराला असे नाव बाबासाहेबांना हवे होते. त्या महाविद्यालयाच्या आरंभीच्या वर्षांत प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ते सांभाळले. ते जन्माने सवर्ण. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांसाठी त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर करून दाखवले. ज्यांना देवळाच्या पायरीशीही उभे राहू दिले नव्हते, ती मुले रंगमंचावर आपलाच इतिहास बोलू लागली. प्राचार्याची परीक्षा मी येथे पाहतो. निकालाची टक्केवारी त्यानंतर.

हक्कांची बाजू सांगितल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होत नाही. १९५६ साली धम्म स्वीकारणाऱ्यांच्या अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्याने नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या. केंद्राने बौद्धांचा समावेश करण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! या काळात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिणारा विद्यार्थी आपल्या फीची किंमत मोजून ते लिहीत होता. अशा विद्यार्थ्याला ज्यांनी वाट दाखवली, त्यांची नावे आज कोणत्या फलकावर आहेत? मूळ अनुसूचित जातीतील कुटुंबांनी एवढे जाणून असावे, की 'बौद्ध' लिहिल्याने सवलत जाते, ही भीती १९९० च्या दुरुस्तीनंतर निराधार आहे. आजही ती भीती घालणारे भेटतात. आणि ती दूर करणारा कारकून भेटला, तर त्याला सोडू नका.

कागदावरचे नियमही पुरेसे नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांत समतेसाठी नियम केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाच्या तक्रारी घेणारा अधिकारी नेमावा, असे त्यांत होते. पुढे १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याचा आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी हिचा मृत्यू झाला. रोहितच्या आई राधिका वेमुला यांनी १४ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत आपल्या दुसऱ्या मुलासह धम्मदीक्षा घेतली. नवदीक्षित कुटुंबांनो, त्या तुमच्याच पंक्तीतील आहेत. पायलच्या आई आबेदा तडवी मुस्लिम भिल्ल समाजाच्या. या दोन माता २०१९ साली एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१२ चे नियम संस्थांत प्रत्यक्ष पाळले जावेत, अशी मागणी त्यांनी केली. आपली मुले परत येणार नव्हती; दुसऱ्यांची मुले वाचावीत म्हणून त्या गेल्या. महाविद्यालयातील समतेसाठी झटणाऱ्यांत पहिला मान कोणाला द्यावा, असे मला कोणी विचारले, तर मी या दोघींची नावे सांगेन.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीस, येथील विहारात महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना बोलवा. प्रत्येकाला विचारा की तुला आत कोणी घेतले, आत असताना तुझ्या बाजूने कोण उभे राहिले, आणि त्यासाठी त्याला काय सोसावे लागले. शिपाई असो, प्राध्यापिका असो, परधर्मीय असो, नाव वहीत लिहून घ्या. शाल परवडत नसेल तर देऊ नका. एक पुस्तक द्या, आणि ते कोणासाठी, कशासाठी दिले, हे त्या विद्यार्थ्याने उभे राहून दोन वाक्यांत सांगावे. ज्याला एकही नाव सांगता आले नाही, त्याच्या नावापुढेही वहीत नोंद करा, आणि दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे मिळून त्याच्याबरोबर त्याच्या महाविद्यालयात जा.