उपचार संपल्यावर गावात



दारू सोडवायला माणसाला केंद्रात नेलं की घरच्यांना वाटतं, आता आपण सुटलो. खरी कसोटी तो परत आल्यावर लागते, आणि ती त्याच्या एकट्याच्या निश्चयावर सोडून चालत नाही. देवगडपासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर आज हेच सांगायचं आहे.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुम्ही ऐकून असाल. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू केलं. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, मदतीला उभे राहिले. तिथे निवासी उपचार 35 दिवसांचे. पण त्यानंतरचा पाठपुरावा तितकाच मोलाचा मानला जातो. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, आणि व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्याने येणाऱ्यांना हात देतात.

पुण्यात राहणाऱ्याला दर आठवड्याला मीटिंगला जाता येतं. देवबागच्या किंवा आचऱ्याच्या माणसाने घाट चढून किती वेळा जावं? रोजगार बुडतो, एसटीचं भाडं वेगळं. म्हणून दोन-तीन हेलपाट्यांनंतर जाणं बंद पडतं.

इथले धोक्याचे दिवस तर ठरलेले आहेत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, बाहेर पाऊस, हाताला काम नाही. हंगाम सुरू झाला की वेगळी अडचण. रापण ओढली, मासळीचा लिलाव झाला, वाटे पडले की संध्याकाळी खिशात रोख पैसे. शिमगा आहे, जत्रा आहे. गोव्याची स्वस्त दारू हाकेच्या अंतरावर. आणि “एकच घे रे, काय होवचा नाय” म्हणणारा कुणी वैरी नसतो, लहानपणापासूनचा सोबती असतो.

त्या सोबत्यालाच माझी विनंती आहे. आग्रह करू नका. लिलाव आटोपला की उपचार घेऊन आलेल्या मित्राला घरापर्यंत सोडायला जा. त्याची स्वतःची तयारी असेल तर पहिले काही महिने त्याचा वाटा थेट बायकोच्या हाती द्या. चोरून मात्र काही करू नका. त्याला न सांगता जेवणात दारू सोडवण्याच्या गोळ्या मिसळणं तर फार घातक. वर दारू प्यायला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवावर बेततं.

आणखी एक गोष्ट, आणि ही नीट ऐका. रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, कधी फिट येते. भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाका मारतंय असं वाटतं. घरचे म्हणतात, बाधा झाली. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण आधी गाडी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाकडे किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाकडे वळवा. यात माणूस दगावू शकतो, आणि वेळेवर औषध मिळालं तर वाचतो.

उपचारानंतर कुणी पुन्हा प्यायला तर “आमका ठावकच होता” असं म्हणू नका. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही. पुन्हा घ्यायला लागला की लगेच, चार दिवसांच्या आत, उपचार करणाऱ्यांना कळवा. महिना गेला की लाजेने तो त्यांच्यासमोर उभाच राहत नाही.

पुण्याला जाणं जमत नसेल तर फोन आहे. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस, 14416. दोन्ही फोन मोफत. पुन्हा सांगते, 14446 आणि 14416. पिणारा माणूस तयार नसला तरी बायकोने, आईने, मोठ्या मुलाने फोन केला तरी चालतो.