तांबड्या शलगमाची वाडी

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेगवान आगगाड्या आणि यंत्रमानव उभे राहतात. त्याच जपानच्या ईशान्य भागात, यामागाता प्रांतात, त्सुरुओका नावाचे नगर आहे. २००५ साली आसपासची पाच गावे त्यात विलीन झाली, तरी त्याचा पिंड शेतकऱ्याचाच राहिला. सुमारे ६० देशी पिके या परिसरात टिकून आहेत. युनेस्कोने २०१४ मध्ये खाद्यसंस्कृतीसाठी या नगराचा गौरव केला. तेथील हिरव्या सोयाबीनचे नाव ‘दादाचा-मामे’. स्थानिक बोलीत ‘दादाचा’ म्हणजे वडील! मराठी पाहुण्याने परके वाटून घेण्याचे कारण नाही.

परंतु पाहुण्याने खरोखर जावे ते आत्सुमीच्या डोंगरात, हितोकासुमी या वाडीत. तांबड्या शलगमाचे हे माहेर. १७व्या शतकातील लिखाणात त्याचा उल्लेख सापडतो. सुगी नावाच्या उंच सूचिपर्णी वृक्षांची तोड झाली की उतारावरील पालापाचोळा वाळवून ऐन ऑगस्टमध्ये जाळतात. आग वरून खाली आणतात, म्हणजे ती आवाक्यात राहते. राख पुरती निवण्याआधीच बी फेकतात. कोकणातील राब पाहिलेल्यास हे लगेच उमगेल. आगीने तण आणि कीड मरते, राखेचे खत होते. फवारणी लागत नाही. ऑक्टोबरपासून बर्फ पडेपर्यंत काढणी चालते आणि पुढे त्याच जागी पुन्हा सुगीची रोपे लावली जातात. डोंगराकडून घेतले ते डोंगराला परत!

बियाण्याची राखण याहून कठीण. उत्तम कंद निवडून पुन्हा पुरायचे, वसंतात फुलू द्यायचे आणि मोहरी-कोबीच्या कुळातील दुसऱ्या फुलाचा पराग मधमाशीने आणू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपायचे. एका घराने हलगर्जीपणा केला तर शेजाऱ्याचेही बी बिघडते. असले काम कायद्याने होत नाही, शेजारधर्मानेच होते.

आज उणीव आहे ती माणसांची. या उतारांवर यंत्र चढत नाही आणि चढणारी माणसे वृद्ध झाली. त्यातच स्वस्त परदेशी लाकडापुढे सुगीचा भाव पडला. तोड कमी, म्हणून शलगमाला मोकळी जमीनही कमी. गोड शिरक्यात मुरलेले त्याचे लोणचे शहरातील गृहिणी आजही आवडीने नेते. ते पिकवायला तिचा मुलगा डोंगर चढेल काय, हे मात्र तिला कोणी विचारत नाही.