रामुने: गोटीच्या बाटलीतला जपानी उन्हाळा

जपानमधल्या उन्हाळी उत्सवांत, म्हणजे मात्सुरीत, बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या निळसर बाटल्या हमखास दिसतात. हे रामुने, लिंबाच्या स्वादाचं गोड सोडापेय. अलेक्झांडर कॅमेरॉन सिम या स्कॉटिश व्यावसायिकाने ते १८८४च्या सुमारास कोबे बंदरात विकायला आणलं, असं मानतात.

खरी गंमत बाटलीत आहे. इंग्रज अभियंता हायरम कॉड यांनी १८७२मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोटी तोंडाच्या रबरी कड्याला घट्ट चिकटते. ती आत ढकलली की फस्सकन फेस येतो. पिताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत खळगे असतात, बाटली त्या बाजूने तिरकी धरायची. आपला गोटी सोडा याच बाटलीतला!

बहुतेक देशांनी ती कधीच सोडली, जपानने जपली. तिथे रामुने आजही प्रामुख्याने लहान आणि मध्यम कारखानेच बनवतात. चव तशी साधीच, पण बाटली स्वतःच्या हाताने फोडण्याचा आनंद टोपणाच्या बाटलीत नाही. कुठे रामुने मिळालं, तर गोटी मुलांना ढकलू द्या.